चाकं बघायला गेलो तेव्हा

बिश्केकच्या जुन्या सामानाच्या बाजारात
कंटेनरला खेटून कंटेनर, आणि प्रत्येकात टायरांच्या उतरंडी.
तलांतबेक थेट शिरला तो चकचकीत रिमांच्या दुकानात.
सतरा इंची, दहा आऱ्यांच्या,
वाकून पाहिलं तर आपलंच नाक भोपळ्याएवढं दिसावं अशा.
"सप्टेंबरात धाकट्याचं लग्न," तो म्हणाला,
"वऱ्हाड काय ही काळी लोखंडी चाकं बघणार?"
मी म्हटलं, वऱ्हाड नवरी बघेल.
चाकं दोलोनचा घाट बघतो.

आमची व्हॅन जपानहून आलेली, स्टिअरिंग उजवीकडे,
वयानं माझ्या लग्नापेक्षा तीन वर्षं थोरली.
किल्ली फिरवली की आतून एक बाई बोलते,
जपानीत, अदबीनं, दर वेळी तेच.
काय म्हणते, अख्ख्या नारिनमध्ये कुणाला ठाऊक नाही.
सासूबाई
(त्यांचं नाव मी घेत नाही, आमच्यात सुना घेत नाहीत)
पुढच्या सीटवरून तिला उत्तर देतात:
"हो गं बाई, बसले सगळे. तू जेवलीस का?"

युसूपनं टायर उभा करून माझ्यासमोर गरकन फिरवला.
घोडा घेताना वडील दात बघायचे,
तशी मी खाचेत तीन सोमचं नाणं घातलं. बुडालं.
"निम्म्या किमतीत देतो," युसूप म्हणाला.
तलांतबेकनं मनातल्या मनात उरलेल्या पैशांच्या रिमा चढवल्यासुद्धा.

पण टायरच्या कुशीवर चार बारीक आकडे असतात,
पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे.
थुंकी लावून अंगठ्यानं पुसले:
शून्य नऊ, अठरा.

मार्चचा पहिला आठवडा.
घाटाखाली बर्फ कोसळून रस्ता बंद होता,
डावं मागचं चाक जागच्या जागी गरगरत होतं,
आणि मी मधल्या सीटवर, दातांत ओढणी धरून.
आयदाई तिथेच झाली. हीटर चालू होता म्हणून निभावलं.
तेव्हा दूर कुठल्या तरी कारखान्यात
हा टायर साच्यातून गरम गरम निघत असेल.

"सात वर्षं," युसूपनं शेवटी खरं ते सांगितलं,
"दिसायला काळाकुळकुळीत, पण रबर म्हातारं.
थंडीत लाकूड होतं त्याचं."
सात वर्षांची आयदाई बाहेर टायरांच्या उतरंडीवर चढली होती
आणि उतरायला तयार नव्हती.
मी टायर बाजूला ठेवला.
हात थोडा वेळ त्याच्यावरच राहिला, तो काढायला विसरले.

मग चार नवे. पंधरा इंची, खिळ्यांचे, हिवाळी.
लोखंडी रिमा जुन्याच; गंज घासून रंग मारू.
टपावरचा कॅरिअर नको, वाऱ्यात शिट्टी वाजते.
एर्जानला मागच्या सीटसाठी स्क्रीन हवी होती,
त्याला म्हटलं, खिडकी आहे.
काठ उंच असलेले रबरी गालिचे मात्र घेतले,
कारण आमच्याकडे मेंढीसुद्धा व्हॅनमधूनच येते
आणि ती सांगून मुतत नाही.
तिसऱ्या रांगेतल्या पट्ट्याचं कुलूप बदललं.
दाराखाली पायरी बसवली, सासूबाईंच्या गुडघ्याच्या मापाची.
सोळाशे सोम वर गेले. तलांतबेकनं सिगारेट पेटवली
आणि रिमांच्या दुकानाकडे पाठ करून ओढली.

युसूपला आमची दया आली असावी.
"ती जपानी पेटी काढून देतो, फुकट," म्हणाला,
"उगाच बडबडते. त्या जागी चांगला रेडिओ बसेल."
कुणीच बोललं नाही.
एर्जाननं आजीकडे पाहिलं. आजीनं सरळ काचेतून पुढे.
"राहू दे," तलांतबेक म्हणाला. "बोलू दे तिला."

संध्याकाळी निघालो. खिळे डांबरावर कडकडत होते,
बाजाराबाहेरची कुत्री मागे लागली.
पेट्रोल भरून पुन्हा किल्ली फिरवली
तशी ती बाई बोलली, अदबीनं, तेच.
सासूबाईंनी पाय नीट घेतले, रुमाल सारखा केला
आणि तिला सगळं सविस्तर सांगितलं:
"चार घेतले. नवे. पायरीसुद्धा घेतली माझ्यासाठी.
त्या चमकणाऱ्या रिमा राहिल्या बघ,
पोराला फार आवडल्या होत्या.
पण सून ऐकत नाही."